मागणी की शत्रू? तरुणांची पारख कशी करावी

निरनिराळ्या शाखांच्या बैठकांतून अलीकडे एकच विचारणा आमच्याकडे येत आहे. बैठक संपली, चहा झाला, की एखादा जुना सभासद बाजूला घेतो आणि हळू आवाजात सांगतो, "पोरगा रात्र रात्र मोबाईलवर असतो. कुणाशी बोलतो कळत नाही. तोंडात भलतीच भाषा आली आहे. अमक्यांना संपवले पाहिजे, तमक्यांना हाकलले पाहिजे, याशिवाय दुसरे बोलत नाही. अशी पोरे कशी ओळखायची, याची एखादी यादी युनियनने छापून द्यावी."

विचारणारे आपलेच लोक आहेत. कुणी गँगमन आहे, कुणी पॉइंट्समन, कुणी पोस्टमन, कुणी ग्रामीण डाकसेवक. कुणाचा मुलगा आयटीआय करून घरी बसला आहे, तर कुणाचा पुतण्या कंत्राटदाराकडे डबे धुण्याच्या कामावर आहे. या बापांची भीती खरी आहे आणि तिला उत्तर देणे संघटनेचे कर्तव्य आहे. आम्ही काही मानसशास्त्राचे पंडित नाही. मॅट्रिक होऊन रेल्वेत लागलेली माणसे आहोत. परंतु तीसेक वर्षे तरुण कामगारांच्या तक्रारी ऐकण्यात आणि लिहून घेण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, की अशी यादी आम्ही छापणार नाही. का छापणार नाही आणि तिच्याऐवजी काय करावे, ते या लेखात मांडत आहोत.

साचा सापडत नाही

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री आपल्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार झाला. पन्नासहून अधिक माणसे तिथे मेली. त्यांत प्रवासी होते, तसे रेल्वेचे कर्मचारीही होते. जिवंत पकडला गेलेला हल्लेखोर एकवीस वर्षांचा होता. पाकिस्तानातल्या एका खेड्यातला, चौथीनंतर शाळा सुटलेला, मजुरी करून पोट भरणारा. त्यावरून पुष्कळांनी निष्कर्ष काढला की गरिबी आणि अडाणीपणा हेच अतिरेकाचे मूळ होय.

पुढे मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटाबरोबर इराकला गेले आणि तिथून इसिसच्या टोळ्यांकडे निघून गेले. ही मुले अडाणी नव्हती. मध्यमवर्गीय घरांतली, कॉलेजात शिकलेली होती, त्यांत इंजिनिअरिंगचे विद्यार्थीही होते. रेल्वेच्या माणसांनी भरलेल्या त्या शहरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. गडचिरोलीच्या जंगलात ज्यांनी बंदूक उचलली त्या आदिवासी मुलामुलींची कहाणी आणखी निराळी. तिथे जमिनीचा, तेंदूपानांच्या मजुरीचा आणि वनखात्याच्या जाचाचा प्रश्न होता.

आणि ३१ जुलै २०२३ ची पहाट तर आपण कोणीच विसरू शकत नाही. जयपूर-मुंबई गाडीत पालघरच्या पट्ट्यात चार जणांना गोळ्या घालण्यात आल्या. एक रेल्वे सुरक्षा दलाचे सहायक उपनिरीक्षक आणि तीन मुसलमान प्रवासी. हा गुन्हा केल्याचा खटला ज्याच्यावर भरण्यात आला तो त्याच दलाचा जवान होता. सरकारी पगार, अंगावर वर्दी, हातात सरकारी बंदूक. त्याचे मन ठिकाणावर होते की नाही हा न्यायालयाचा प्रश्न आहे. पण नोकरी असली म्हणजे माणूस सुरक्षित, हा आपला समजही त्या पहाटे मोडला.

तेव्हा गरीब किंवा सुखवस्तू, शिकलेला किंवा अडाणी, बेकार किंवा नोकरदार, अमक्या धर्माचा किंवा तमक्या जातीचा, असा कुठलाच साचा इथे लागू पडत नाही. दाढी, टिळा, टोपी, बावटा पाहून जो पारख करायला निघेल तो दहा निरपराध पोरांना दुखवील आणि ज्याच्याकडे खरे लक्ष द्यायला हवे तो त्याच्या शेजारून निघून जाईल.

विलायतेतली बावीस कलमे

यादी करण्याचा प्रयोग जगात झालेला आहे. इंग्लंडच्या सरकारने 'प्रिव्हेंट' नावाची योजना काढली. तरुण अतिरेकाच्या वाटेला लागण्याचा किती धोका आहे, हे मोजण्यासाठी बावीस कलमांची यादी वापरात आली. ही कलमे मुळात तुरुंगातल्या शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी तयार केलेली होती. तीच पुढे शाळाकॉलेजातल्या पोरांना लावली गेली. २०१५ च्या कायद्याने तर शिक्षक, दवाखान्यातले कर्मचारी, नगरपालिकेचे नोकर या सर्वांवर लक्ष ठेवण्याची सक्तीच आली.

त्या यादीत 'आपण आणि ते' अशी विभागणी करून विचार करणे हे एक कलम आहे, ते ठीक आहे. पण अन्याय झाल्याची भावना हेही एक कलम आहे. साथींनो, याचा अर्थ लक्षात घ्या. अन्यायाची जाणीव हेच संशयाचे कारण ठरले तर आपल्या संघटनेचा एकूण एक सभासद संशयित ठरेल. अन्यायाची जाणीव नसती तर युनियन निघालीच नसती.

परिणाम काय झाला? पोरांची नावे मोठ्या संख्येने वर कळवली गेली, आणि त्यांतल्या बहुसंख्य प्रकरणांत पुढे या योजनेतून मदत देण्याची गरजच आढळली नाही. वर्गात मोकळेपणाने बोलायची पोरांना भीती वाटू लागली. २०१६ साली तिथल्या राष्ट्रीय शिक्षक युनियनने आपल्या अधिवेशनात ठराव करून ही योजना शाळांतून मागे घेण्याची मागणी केली. आम्हाला पोरांचे शिक्षक राहू द्या, पहारेकरी करू नका, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

एवढे करून यादीने धोका तरी ओळखला का? २९ जुलै २०२४ रोजी साउथपोर्ट या गावी मुलींच्या नृत्यवर्गात शिरून एका सतरा वर्षांच्या मुलाने तीन चिमुरड्या मुलींना भोसकून मारले. हा मुलगा तेरा-चौदा वर्षांचा असताना त्याचे नाव तीन वेळा या योजनेकडे कळवले गेले होते. शाळेला काळजी वाटत होती. पण त्याची ठराविक अशी कोणतीच विचारसरणी दिसत नाही, म्हणून तिन्ही वेळा प्रकरण बंद झाले. कलमांत बसत नव्हता, म्हणून सुटला. ज्यांनी त्याला रोज पाहिले होते त्यांची काळजी खरी होती, पण कागदाने ती खोडून काढली.

संशयाची किंमत

आपल्याकडेही संशयाची किंमत लहान नाही. ११ जुलै २००६ ला संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवासी मेले. ते आपलेच प्रवासी होते आणि रुळांवरून जखमींना उचलणारे हातही आपलेच होते. या खटल्यात २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक २०२१ सालीच तुरुंगात वारला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, त्या न्यायालयाने हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही. मालेगावच्या २००६ च्या स्फोटातही आधी पकडलेल्या नऊ जणांना दहा वर्षांनी, २०१६ साली, न्यायालयाने आरोपांतून मुक्त केले.

हे आम्ही कुणाची वकिली करायला सांगत नाही. ज्यांची माणसे त्या गाड्यांत मेली त्यांना एकोणीस वर्षांनंतरही खरा गुन्हेगार कोण याचे पक्के उत्तर मिळालेले नाही. हीसुद्धा चुकीच्या संशयाचीच किंमत असू शकते. शिवाय ज्या मोहल्ल्यातून, ज्या चाळीतून निरपराध पोरगा उचलला जातो तिथल्या दुसऱ्या दहा पोरांना अतिरेकी संघटनेचा माणूस येऊन सांगतो, "बघा, मी म्हणत नव्हतो?" संशयामुळे त्याचे काम सोपे होते.

राग वेगळा, अतिरेक वेगळा

मग पारख करायचीच नाही का? करायची. पण कशावरून करायची, ते आपल्याच कामातून शिकता येते.

सभासद तक्रार घेऊन येतो तेव्हा तो संतापलेला असतो. साहेबाला शिव्या देत असतो. आपण काय करतो? त्याला बसवतो, पाणी देतो, आणि विचारतो, "तुला हवे काय?" बदली रद्द हवी, थकलेला भत्ता हवा, सुट्टी हवी, कंत्राटदाराकडून पूर्ण किमान वेतन हवे. मग ते कागदावर येते. राग मागणीत उतरला की तिच्यावर बोलणी होऊ शकतात, संप होऊ शकतो, तडजोड होऊ शकते. मागणी मान्य झाली नाही तरी माणूस आपल्याबरोबर राहतो.

अतिरेकी संघटनेचा माणूस याच्या नेमके उलटे करतो. तोही तक्रार ऐकतो, आणि पुष्कळदा आपल्यापेक्षा जास्त वेळ देऊन ऐकतो. मात्र तिची मागणी होऊ देत नाही. तो त्या तक्रारीला एक चेहरा देतो. तुझी नोकरी त्याने घेतली, तुझा अपमान त्यांनी केला, तुझे सारे दुःख त्या जमातीमुळे आहे. पोराच्या हातात मागणी उरत नाही, शत्रू उरतो. शत्रूशी कसली बोलणी? त्याचा फक्त नाश करायचा.

दोन उदाहरणे घेऊ. २० मार्च २०१८ ला रेल्वेत अ‍ॅप्रेंटिस पूर्ण केलेले शेकडो तरुण दादर-माटुंग्याच्या दरम्यान रुळांवर बसले. मध्य रेल्वेची सकाळची लोकल वाहतूक काही तास बंद पडली. लाखो नोकरदारांचे हाल झाले, दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. पद्धत योग्य होती असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यांना हवे काय होते? रेल्वेत शिकलेल्यांना रेल्वेत घ्या, वीस टक्क्यांची मर्यादा काढा. अधिकाऱ्यांशी बोलणे झाले आणि मुले उठली. जानेवारी २०२२ मध्ये बिहारमध्ये भरतीच्या निकालावरून गाड्यांचे डबे जाळले गेले. सुमारे ३५ हजार जागांसाठी सव्वा कोटी अर्ज आणि जाहिरातीला तीन वर्षे होत आलेली. डबा जाळणे हा गुन्हाच आहे आणि त्यात आपल्याच माणसांच्या जिवाला धोका असतो. तरीही त्या पोरांपाशी मागणी होती. परीक्षा थांबवून समिती नेमली गेली ती मागणी होती म्हणून. या पोरांना अतिरेकी म्हणणे सोयीचे असेल, पण ते खरे नाही.

आता दुसरे उदाहरण. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरतीची परीक्षा द्यायला मुंबई-ठाण्याच्या केंद्रांवर आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली. मारणारे मराठी तरुण होते, आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती. रेल्वेच्या जाहिराती इथल्या पोरांपर्यंत पोचत नव्हत्या, मराठीत परीक्षा नव्हती, जागा आटत चालल्या होत्या. यातून तीन चांगल्या मागण्या झाल्या असत्या. त्याऐवजी त्या तक्रारीला हातात हॉलतिकीट आणि पिशवीत चपात्या घेऊन आलेल्या दुसऱ्या एका बेकार पोराचा चेहरा दिला गेला. कोणी म्हणेल, त्या मारहाणीमुळेच पुढे प्रादेशिक भाषांतून परीक्षा सुरू झाली. समजा तसे मानले, तरी जागा वाढल्या का? कंत्राटी पद्धत थांबली का? डोकी फुटली ती दोन्ही बाजूंच्या कामगारांच्या पोरांची. तुरुंगाच्या वाऱ्या आणि कोर्टाच्या तारखाही त्यांच्याच वाट्याला आल्या.

म्हणून आमची कसोटी एकच आहे. पोराला बसवून विचारा, "तुला हवे काय?" उत्तर कितीही गरम असो, त्यात मागणी असेल तर घाबरू नका, त्याला संघटनेत आणा. पण पुन्हा पुन्हा विचारूनही उत्तरात काय हवे ते येतच नाही, फक्त कोण नको ते येते, आणि ज्यांना 'नको' म्हणतो त्यांना तो माणूस म्हणेनासा होतो, किडे म्हणतो, घाण म्हणतो, तर काळजीची वेळ आली असे समजावे.

याबरोबर इतरही बदल दिसतात. जुने मित्र तुटतात. कबड्डी, क्रिकेट, भजनी मंडळ, जे काय असेल ते सुटते. नवे मित्र कोण ते सांगत नाही. प्रत्येक प्रश्नाला एकच तयार उत्तर येते. पण ध्यानात ठेवा, परीक्षेत नापास झालेला, प्रेमात फसलेला, आजारी पडलेला पोरगाही असाच वागतो. तेव्हा ही चिन्हे दिसली की पोराच्या जवळ जावे, एवढाच त्यांचा अर्थ.

जवळचा माणूस लागतो

रुळाचा तडा कोण पकडतो? साहेबांची ट्रॉली महिन्यातून केव्हा तरी जाते. कीमन मात्र आपल्या बीटवर रोज चालतो. कुठली चावी सैल होते, थंडीत कुठला सांधा उघडतो, हे त्याच्या पायांना माहीत असते. आमच्या पोस्टमन बांधवांचेही तसेच. कुठल्या घरी नेमणुकीच्या पत्राची दोन वर्षे वाट पाहतात, कुठल्या घरातला मुलगा पूर्वी दारात येऊन बोलायचा आणि आता बोलत नाही, हे बीटवरच्या पोस्टमनला ठाऊक असते. मात्र त्याने हेरगिरी करू नये. टपाल ज्याचे त्याच्या हाती देणे आणि त्याची गुप्तता राखणे हा त्या नोकरीचा धर्म आहे, तो सुटला तर दारे बंद होतील. त्याने दोन शब्द बोलावेत, बापाला भेटावे, एवढेच पुरे.

अडचण अशी, की रोज चालणारी माणसेच कमी होत चालली आहेत. जागा भरल्या जात नाहीत. सफाई, पार्सल, चादरी धुणे, खानपान ही कामे कंत्राटदाराकडे गेली. तिथला वीस-बावीस वर्षांचा पोरगा आज या ठेकेदाराकडे तर उद्या त्या. त्याला मुकादम नाही, युनियनचे कार्ड नाही, इन्स्टिट्यूटमध्ये कॅरम खेळायला प्रवेश नाही. पूर्वी नवा पोरगा कामावर लागला की चार जुनी माणसे त्याच्या डब्यात डबा मिसळायची. ती माणसे वेगवेगळ्या धर्मांची, जातींची असायची. एकाच हातोड्याखाली काम केलेल्या माणसाला 'किडा' म्हणणे अवघड जाते. कंत्राटी पद्धतीने पगार कापला ते आपण नेहमी बोलतो. तिने ही सोबतही कापली. त्या रिकाम्या जागेत मोबाईलमधला अनोळखी 'भाई' येऊन बसला आहे.

हे पोलिसांचे काम नव्हे काय?

काही साथी म्हणतात, युनियनने यात पडू नये, हे पोलिसांचे काम आहे. अर्धे म्हणणे बरोबर आहे. कीमनला रुळाला तडा दिसला तर तो तिथे चर्चा करत बसत नाही. आधी लाल बावटा दाखवून गाडी थांबवतो. तसेच हत्याराची, स्फोटकांची किंवा कुणाला मारण्याची ठरवाठरव चालल्याचे कळले, पोरगा घर सोडून अशा टोळीकडे निघाल्याचे दिसले, तर एक तासही न दवडता पोलिसांना सांगावे. मग तो कुणाचाही मुलगा असो. अशा वेळी संघटनेने चांगला वकील देऊन बापाच्या बरोबर ठाण्यात जावे, म्हणजे कायद्याने होईल ते सरळ होईल.

पण हे टोक येण्याआधी महिने, कधी वर्षे जातात. त्या काळात गुन्हा घडलेला नसतो. तिथे पोलिसांना काम नाही आणि आपल्याला आहे. परतीची वाट उघडी ठेवणे हेही त्यातलेच. महाराष्ट्र सरकारने २००५ साली नक्षलवाद्यांसाठी आत्मसमर्पणाची योजना आणली. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत माओवाद्यांचा एक वरिष्ठ नेता साठ साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवून बाहेर आला. त्यात पोलिसांच्या दबावाचा मोठा भाग होता. पण बाहेर येऊन जगता येईल असा दरवाजा नसता तर नुसत्या दबावाने माणूस मरेपर्यंत लढतो. सरकार बंदूकवाल्यांना दरवाजा देऊ शकते, तर नुसती वेडीवाकडी भाषा बोलणाऱ्या आपल्या पोराला आपण तो द्यायलाच हवा.

शाखांनी काय करावे

प्रत्येक शाखेने पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, असे आम्ही सुचवतो. पुढील गोष्टी विनाखर्च होण्यासारख्या आहेत.

एक, दर डेपोत, दर पोस्टात दोन-तीन जाणती माणसे नेमावी. अ‍ॅप्रेंटिस, कंत्राटी आणि नव्याने लागलेल्या पोरांची त्यांनी आठवड्यातून एकदा तरी विचारपूस करावी. ही माणसे वेगवेगळ्या समाजांची असावीत.

दोन, इन्स्टिट्यूट, वाचनालय आणि मैदान कंत्राटी कामगारांना व कॉलनीतल्या पोरांना उघडे करावे, यासाठी प्रशासनाकडे लेखी मागणी करावी.

तीन, काळजीत पडलेल्या बापाला आधी ऐकून घ्यावे. मोबाईल हिसकावणे, मारणे, घराबाहेर काढणे यांतले काहीही करू नका असे त्याला सांगावे. घराबाहेर काढलेल्या पोराला घर द्यायला दुसरे टपलेलेच असतात. पोरगा ज्याचा शब्द मानतो असा एक माणूस शोधावा. मामा असेल, क्रिकेटचा कोच असेल, जुना मास्तर असेल.

चार, नावांच्या याद्या करू नयेत आणि कुणी मागितल्या तर देऊ नयेत. कुजबुजीवरून कुणाचे नाव पुढे गेले तर शाखेने ते तिथेच थांबवावे.

पाच, रनिंग रूममध्ये, सॉर्टिंगच्या टेबलावर, शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एखाद्या समाजाला शिव्या घालणारे काही आले की जुन्या सभासदाने तिथल्या तिथे बोलावे. पोरे आपले भाषण ऐकत नसली तरी आपण कशावर हसतो ते बघत असतात.

विचारणा करणाऱ्या त्या सर्व बापांना आमचे सांगणे आहे. यादी मागू नका. आज रात्री पोराला जेवायला आपल्या ताटाशेजारी बसवा आणि तुला हवे काय, ते विचारा. मागणी निघाली तर त्याला घेऊन शाखेच्या कचेरीत या. मागणी निघाली नाही तर एकटे या, पण लवकर या.